एक फुंकर, गुणिले ०.९

तर झालं असं की पावसाळ्यात धरलेला खोकला तीन आठवडे झाले तरी सोडायला तयार नव्हता. आई म्हणाली हळद-दूध घे, रूममेट म्हणाला गुगल करू नकोस, आणि डॉक्टर म्हणाले, "एक पीएफटी करून घ्या, म्हणजे मनातली शंका जाईल." पीएफटी म्हणजे पल्मनरी फंक्शन टेस्ट. आपल्या भाषेत, किती जोरात आणि किती वेळ फुंकता येतं याची परीक्षा.

ज्यांनी ही टेस्ट दिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, भारी विनोदी प्रकार असतो. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर एक मुलगी जिवाच्या आकांताने ओरडत असते, "मोठा श्वास घ्या... फुंका फुंका फुंका! अजून अजून अजून! सोडू नका!" स्क्रीनवर एक रेघ वर जाते, मग सपाट होते. आपण लालबुंद. असं तीनदा. (लहान मुलांसाठी त्याच सॉफ्टवेअरमध्ये मेणबत्त्या विझवायचा गेम असतो. मला तो दिला नाही.)

रिपोर्ट आला. फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी, म्हणजे पूर्ण श्वास भरून घेऊन जोर लावून जेवढी हवा बाहेर काढली ती, ३.५० लिटर. अपेक्षित ४.५०. म्हणजे ७८ टक्के. खाली छापलेलं: 'माइल्ड रिस्ट्रिक्शन'. ८० च्या खाली गेलं की संशय, असा जुना ठोकताळा आहे. माझं धाबं दणाणलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा माणूस, सिगरेट नाही, आणि फुफ्फुसं आकसलेली?

मग सवयीप्रमाणे मी रिपोर्टचा हेडर वाचला. लॉग फाईल वाचताना आपण आधी कॉन्फिगरेशन बघतो ना, तसं. नाव बरोबर, वय बरोबर, उंची बरोबर. आणि पुढे: 'एथ्निसिटी: कॉकेशियन'.

आता मी गोरा आहे असं माझी आजीसुद्धा म्हणत नाही. मी काउंटरवर परत गेलो. "मॅडम, हे कॉकेशियन का आलंय?" तिने बघितलं, जीभ चावली. "अय्या, सॉरी सर, डीफॉल्ट राहिलं वाटतं." ड्रॉपडाऊनवर क्लिक केलं, 'इंडियन' निवडलं, प्रिंट दिली. फुंकर तीच. हवा तीच, ३.५० लिटर. पण अपेक्षित आकडा आता ४.०५. टक्केवारी ८६. खाली छापलेलं: 'नॉर्मल'.

एका क्लिकने मी बरा झालो! ४.५० गुणिले ०.९ बरोबर ४.०५. म्हणजे त्या कोडमध्ये कुठेतरी कोणीतरी ०.९ हार्डकोड करून ठेवलंय. आमच्या धंद्यात याला मॅजिक नंबर म्हणतात. कोड रिव्ह्यूमध्ये असा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा असतो: हा कुठून आला? कोणी टाकला? का?

खोकला चार दिवसांत गेला. प्रश्न काही गेला नाही. पुढचे कित्येक वीकेंड त्यात गेले. त्याचा हा हिशेब.

*

आधी थोडं मागे जाऊ. छाती हा मोठा कठीण डबा. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, आणि उघडून बघायची सोय नाही (म्हणजे रोगी जिवंत असेपर्यंत तरी). त्यामुळे छातीच्या रोगनिदानाचा इतिहास म्हणजे बंद डब्याशी केलेल्या खटपटींचा इतिहास.

पहिली खटपट व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगरची. हा ग्रात्सच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली ते पिंपावर बोटाने ठोकून कळतं, हे त्याने लहानपणी बघितलेलं होतं असं सांगतात. डॉक्टर झाल्यावर तो रोग्यांच्या छातीवर ठोकायला लागला. पोकळ आवाज आला तर हवा, बद्द आवाज आला तर पाणी किंवा घट्ट झालेलं फुफ्फुस. १७६१ साली त्याने हे छापलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८०८ मध्ये, नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार याने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला. आपण आजही कलिंगड घेताना हेच करतो, पण पुस्तक लिहीत नाही. :-)

दुसरी खटपट पॅरिसच्या रेने लाएनेकची. १८१६ मध्ये एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला. आवाज उलट जास्त स्पष्ट आला. तोच स्टेथोस्कोप. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि क्षय, न्यूमोनिया, छातीत पाणी होणं हे आवाजावरून वेगवेगळं ओळखता येऊ लागलं. लाएनेक स्वतः १८२६ मध्ये क्षयाने गेला.

पण या दोन्हींमध्ये एक अडचण होती. दोन्ही गोष्टी डॉक्टरच्या कानावर अवलंबून. एकाला 'किंचित घरघर' वाटेल ते दुसऱ्याला काहीच वाटणार नाही. आकडा नाही. आणि आकडा नसला की तुलना नाही, नोंद नाही, वाद मिटवायची सोय नाही.

आकडा आणला जॉन हचिन्सनने.

*

हचिन्सन हा न्यूकॅसलजवळच्या भागातला, जन्म १८११ चा. लंडनमध्ये डॉक्टरकी करत होता आणि ब्रिटानिया नावाच्या आयुर्विमा कंपनीचाही डॉक्टर होता. ही विम्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याचं यंत्र दिसायला साधं. पाण्याने भरलेलं एक उभं भांडं, त्यात उपडी बुडवलेली घंटेसारखी दुसरी डबी, वरच्या कप्पीवरून दोरीने तोलून धरलेली. नळीतून फुंकलं की हवा डबीत जाते, डबी वर उचलली जाते, बाजूच्या पट्टीवर आकडा वाचायचा. नाव ठेवलं स्पायरोमीटर. आणि पूर्ण श्वास घेऊन पूर्ण सोडलेल्या हवेला त्याने नाव दिलं 'व्हायटल कपॅसिटी', म्हणजे प्राणाची क्षमता म्हणा ना. ते नाव आजही रिपोर्टवर आहे.

खरी कमाल यंत्रात नाही, डेटात आहे. या माणसाने दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावलं. खलाशी, पोलीस, आगीच्या बंबावरचे लोक, घोडदळातले शिपाई, छापखान्यातले कामगार, धर्मशाळेतले गरीब, कुस्तीगीर-मुष्टियोद्धे, बुटके, राक्षसी उंचीचे, आणि 'जंटलमन' अशी एक वेगळी कॅटेगरी. १८४६ मध्ये त्याने हे सगळं तक्त्यांसकट मांडलं. एक्सेल नव्हतं, कॅल्क्युलेटर नव्हता. मी हे वाचून खुर्चीत सरळ बसलो.

त्याला वाटलं होतं की छाती जितकी रुंद तितकी हवा जास्त. निघालं भलतंच. छातीच्या घेराशी संबंध जवळजवळ नाही, उंचीशी मात्र सरळ रेषेत. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंचीच्या प्रत्येक इंचाला साधारण ८ घन इंच, म्हणजे १३० मिलिलिटरच्या आसपास हवा वाढते. आज 'अपेक्षित' म्हणून जो आकडा छापला जातो त्याचं मूळ इथे आहे. उंची सांगा, मी सांगतो तुमच्या छातीत किती हवा असायला हवी.

त्याची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे फ्रीमन नावाचा अमेरिकन मुष्टियोद्धा, जवळजवळ सात फूट उंच. १८४२ मध्ये लढतीच्या आधी, एकदम तयारीत असताना हचिन्सनने त्याची फुंकर मोजली: ४३४ घन इंच, म्हणजे सात लिटरच्या वर! दोन वर्षांनी तो परत आला. तब्येत जरा उतरलेली. आता सरासरी ३४४. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बघितलं, काही सापडलं नाही. पण आकडा वीस टक्के खाली आला होता. १८४५ मध्ये फ्रीमन क्षयाने गेला.

म्हणजे कानाला कळायच्या आधी आकड्याला कळलं होतं. आमच्याकडे सर्व्हर पडायच्या आधी ग्राफ वाकायला लागतो, तसं. आणि यातली महत्त्वाची गोष्ट ही की फ्रीमनची तुलना फ्रीमनशीच केली होती. सरासरी माणसाशी नाही. त्याची आजची फुंकर आणि त्याचीच दोन वर्षांपूर्वीची फुंकर. हा मुद्दाही लक्षात ठेवा.

हचिन्सनचं पुढे काय झालं? त्याला वाटलं होतं की विमा कंपन्या हे यंत्र डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही. १८५२ मध्ये बायकामुलांना मागे ठेवून हा गडी ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे त्या वेळी सोन्याच्या खाणींची धामधूम चालू होती. तिथून १८६१ मध्ये फिजीला गेला आणि त्याच वर्षी तिथेच वारला. वय जेमतेम पन्नास. इतक्या शिस्तीचे तक्ते करणारा माणूस असा गेला याचं मला आजही नवल वाटतं.

*

आता मॅजिक नंबरकडे.

हचिन्सनच्या मोजणीत धंदा होता, वर्ग होता, उंची होती. वंश नव्हता. तो कॉलम अमेरिकेत जोडला गेला, आणि ज्यांनी जोडला त्यांचे हेतू वाचून अंगावर काटा येतो.

कल्पना यंत्राच्याही आधीची. थॉमस जेफरसनने १७८० च्या दशकात व्हर्जिनियावर लिहिलेल्या पुस्तकात काळ्या लोकांच्या फुफ्फुसांच्या रचनेत फरक असावा असा तर्क मांडून ठेवला होता. मोजलेलं काही नव्हतं. मग यंत्र आलं आणि न्यू ऑर्लीन्सच्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने ते हाती घेतलं. १८५१ मध्ये त्याने जाहीर केलं की काळ्यांची फुफ्फुसं गोऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी हवा घेतात. त्याचा निष्कर्ष? त्यांचं रक्त नीट शुद्ध होत नाही, म्हणून त्यांच्याकडून सक्तीने कष्ट करून घेणं हे त्यांच्याच तब्येतीला बरं. म्हणजे गुलामगिरी हा औषधोपचार! हाच तो माणूस, ज्याने गुलामांनी पळून जाण्याला एक मानसिक रोग ठरवून त्याला 'ड्रॅपिटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं.

यादवी युद्धानंतर बेंजामिन गूल्ड या खगोलशास्त्रज्ञाने हजारो सैनिकांची मोजमापं गोळा करून १८६९ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. त्यातही काळ्या सैनिकांचे फुंकरीचे आकडे कमी. आता त्यातले कितीतरी जण काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते, काय खाल्लं असेल, कुठे झोपले असतील, लहानपणी काय भोगलं असेल, हे कुठल्याही कॉलममध्ये नव्हतं. जो कॉलम होता त्याच्या माथी सगळा फरक मारला गेला. डेटाबरोबर काम करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. जे मोजलंच नाही त्याचा परिणाम जे मोजलंय त्याच्या खात्यावर जमा होतो.

पुढे १८९६ मध्ये प्रुडेन्शियल विमा कंपनीचा आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने गूल्डचे आकडे वापरून पुस्तक लिहिलं: काळ्यांचा वंशच मुळात कमजोर, त्यांचा विमा उतरवणं परवडणारं नाही. बघा, परत विमा.

हा सगळा माग लंडी ब्राउन या बाईंनी 'ब्रीदिंग रेस इन्टू द मशीन' या २०१४ च्या पुस्तकात काढलाय. माझ्या ड्रॉपडाऊनची गिट हिस्टरी म्हणजे ते पुस्तक.

*

तिकडे यंत्र मात्र सुधारत होतं. हचिन्सन किती हवा ते मोजायचा, किती वेगाने ते नाही. म्हणजे हार्डडिस्कचा साइझ मोजला, पण बँडविड्थ मोजलीच नाही. दम्यात किंवा सीओपीडीमध्ये नेमका बँडविड्थचाच घोळ असतो. नळ्या अरुंद झालेल्या, हवा भरपूर आहे पण बाहेर पडायला वेळ लागतो. पॅरिसमध्ये १९४७ साली रॉबेर तिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं ठरवलं. तोच आजचा एफईव्ही१. एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा पहिल्या सेकंदात आली तर वाट अडलेली. एकूण हवाच कमी असेल तर फुफ्फुस आकसलंय किंवा फुलत नाहीये. एवढ्या दोन आकड्यांवर छातीच्या रोगांचे दोन मोठे गट वेगळे होतात. हचिन्सनपासून इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली!

आणि या शंभर वर्षांत यंत्र दवाखान्याच्या बाहेर पडून खाणीत आणि गिरणीत शिरलं होतं. साऊथ वेल्समधल्या कोळसा कामगारांच्या छातीचा अभ्यास करायला १९४५ मध्ये कार्डिफजवळ खास संशोधन केंद्र निघालं. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार, बिसिनोसिस, तपासला. त्याची खूण मोठी चमत्कारिक. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, मग आठवडाभरात कमी होत जाते. पुढे पुढे रोजच होते, आणि मग कायमची. निदानाचा मुख्य प्रश्न एवढाच: 'सोमवारी छाती भरते का?' आणि पुरावा म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मोजायची.

आता फुंकर म्हणजे नुकसानभरपाईचा आकडा झाला. किती टक्के कमी, त्यावर पैसे. आणि जिथे पैसे आले तिथे 'अपेक्षित' आकडा काय धरायचा यावर भांडण आलंच.

१९७४ मध्ये अमेरिकेत रॉसिटर आणि वाइल यांनी लुइझियानातल्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या कामगारांवरून सुचवलं की काळ्या माणसाचा अपेक्षित आकडा १३.२ टक्क्यांनी कमी धरावा. १९७८ च्या अमेरिकन सरकारच्या कापूसधुळीच्या नियमात काळ्या कामगारांसाठी चक्क ०.८५ ने गुणायला सांगितलं होतं. १९९९ मध्ये ओवेन्स कॉर्निंग कंपनीने बाल्टिमोरच्या कोर्टात म्हणणं मांडलं की अ‍ॅस्बेस्टॉसची भरपाई मागणाऱ्या काळ्या कामगारांना वेगळा निकष लावा, म्हणजे गोऱ्यांपेक्षा जास्त आजारी असल्याशिवाय दावा पुढे जाऊ नये. कोर्टाने ते मान्य केलं नाही. पण असं म्हणायची हिंमत कुठून आली? त्याच गुणाकारातून.

*

मग आपलं काय? आपण कुठून या कोडमध्ये शिरलो?

भारतीयांची फुंकर युरोपियनांपेक्षा कमी भरते हे इथल्याच डॉक्टरांनी मोजलेलं आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. एस. एल. भाटिया यांनी १९२९ मध्येच व्हायटल कपॅसिटीवर लिहिलं होतं. पुढे केईएमचे डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत भारतीयांसाठी समीकरणं काढली, डॉ. फारोख उदवाडिया यांनीही मुंबईत निरोगी माणसांवर काम केलं. हेतू स्वच्छ होता. गोऱ्या माणसाचं माप लावून धडधाकट भारतीयाला आजारी ठरवू नका. माझ्याबाबतीत नेमकं तेच झालं होतं की!

पण मशीन बाहेरून यायची. त्यात 'कॉकेशियन' हा बेस क्लास आणि बाकी सगळे त्यातून डिराइव्ह केलेले, वर एक गुणक ठोकून दिलेला. २०१२ मध्ये ग्लोबल लंग इनिशिएटिव्हने ७४,१८७ लोकांच्या डेटावर नवी समीकरणं काढली. गट चार: कॉकेशियन, आफ्रिकन-अमेरिकन, उत्तर-पूर्व आशियाई, दक्षिण-पूर्व आशियाई. भारतीय? 'अदर'. शंभर कोटींच्या वर लोक, आणि ड्रॉपडाऊनमध्ये सगळ्यात शेवटचा पर्याय.

तरीही इथपर्यंत मी खूश होतो. 'इंडियन' निवडा, बरोबर उत्तर मिळवा, विषय संपला. घोळ झाला तो आजीमुळे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे सगळं जेवताना सांगत होतो. सोमवारची छाती सांगितली आणि आजीचा हात ताटातच थांबला. म्हणाली, "तुझ्या आजोबांना व्हायचं ते. सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी रात्री झोपायचे नाहीत, भिंतीला टेकून बसायचे. आम्हाला वाटायचं, सुट्टीच्या दिवशी खाण्यापिण्यात काही आलं असेल."

आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जातो ते खातं, सगळ्यात जास्त धूळ तिथेच. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, ते गावी गेले. मला आठवतात ते ओटीवर बसून धापा टाकणारेच. घरात सगळे म्हणायचे, दमा आहे. बिडीही ओढायचे, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही. बिसिनोसिस हा आपल्या कायद्यात भरपाईला पात्र आजार आहे. पण आजोबांना ते कोणी सांगितलं नाही, आणि त्यांची फुंकर कोणी मोजली नाही.

समजा मोजली असती. त्यांच्या उंचीला युरोपियन मापाने ४.०० लिटर अपेक्षित, आणि त्यांचे भरले ३.१०. म्हणजे ७८ टक्के. आजारी. आता गुणिले ०.९ करा. अपेक्षित ३.६०, टक्केवारी ८६. नॉर्मल! जा कामावर.

आकडे माझे आहेत, कल्पनेतले. पण गणित तेच आहे ज्याने मला बरं केलं. ज्या गुणकाने माझी उगाचची भीती घालवली त्याच गुणकाने आजोबांचा खरा आजार झाकला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मग पुढचा प्रश्न. ते ०.९ खरंच 'आपलं' आहे का? काही भाग असेल शरीराच्या ठेवणीचा. आपल्याकडे उंचीच्या मानाने धड आखूड आणि पाय लांब असतात, उभी उंची धरली की फरक दिसतो. पण काही भाग आईच्या पोटात असताना मिळालेल्या अन्नाचा, लहानपणच्या आजारपणाचा, चुलीच्या धुराचा, शहराच्या हवेचा. त्याच डॉ. कामतांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण वस्ती अशी तुलना केली होती, आणि जिथे हवा घाण तिथे छातीच्या तक्रारी जास्त दिसल्या होत्या. २०१३ मध्ये १७ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या, धूम्रपान न करणाऱ्या निरोगी लोकांचा एफईव्ही१ वय-उंची-लिंग जमेला धरूनही युरोप-उत्तर अमेरिकेपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी निघाला. ३१ टक्के! एवढं सगळं काही जन्मतः येत नाही. धुरात वाढलेल्या लोकांची सरासरी काढून तिला 'भारतीय नॉर्मल' म्हटलं, की धूरच नॉर्मल होतो.

२०१२ मध्ये बर्नी आणि हूपर यांनी अमेरिकन डेटा तपासून दाखवलं की फुंकर सारखीच असलेल्या काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या मरणाची जोखीम साधारण सारखीच असते. म्हणजे वंशाचा गुणक लावून भविष्य जास्त बरोबर कळतं असं काही नाही. २०२२ मध्ये वंशाचा कॉलमच नसलेलं 'जीएलआय ग्लोबल' समीकरण आलं आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ते वापरा असं सांगितलं. पावणेदोनशे वर्षांनी कोणीतरी तो कॉलम डिलीट करायला घेतला.

सुटला का प्रश्न? नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार या बदलाने एकट्या अमेरिकेत सव्वा कोटी लोकांचं निदान इकडचं तिकडे होऊ शकतं. काळ्या माणसाला भरपाई मिळेल, पण त्यालाच आगीच्या बंबावरची नोकरी नाकारली जाईल. कोणाला ऑपरेशनला अनफिट ठरवलं जाईल. गुणक काढला तरी कुठेतरी कोणीतरी रेषेच्या चुकीच्या बाजूला जातोच. कारण रेष ८० टक्क्यांवर मारा नाहीतर निरोगी लोकांतल्या शेवटच्या पाच टक्क्यांवर, ती रेष आपण मारलेली आहे, निसर्गाने नाही.

मला विचाराल तर उत्तर हचिन्सनच्या त्या पैलवानात आहे. फ्रीमनला कुठल्याच सरासरीची गरज नव्हती, त्याला त्याचाच जुना आकडा पुरला. धुळीत काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची फुंकर नोकरीच्या पहिल्या दिवशी मोजा, दरवर्षी मोजा, आणि कागद त्याच्या हातात द्या. मग तो कोण, कुठला, कोणत्या जातीवंशाचा, हे विचारायचं कारण फारसं उरत नाही. आजोबांकडे पहिल्या दिवसाचा आकडा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. यंत्र होतं, डॉक्टर होते, केईएम तर लालबागहून चालत जायच्या अंतरावर. मोजायचं कोणी ठरवलं नाही, एवढंच.

माझे दोन्ही रिपोर्ट मी जपून ठेवलेत, ७८ वाला पण आणि ८६ वाला पण. दोन्हींवर ३.५० या आकड्याभोवती पेनाने गोल केलाय. खरा आकडा तेवढाच आहे. पुढच्या वर्षी परत फुंकून येईन आणि त्याच्याशी ताडून बघीन.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरात कोणी गिरणीत, खाणीत, दगडाच्या खडी मशीनवर काम केलेलं असेल, तर एकदा विचारून बघा, सोमवारी छाती भरायची का. आमच्याकडे हा प्रश्न विचारायला आजोबा गेल्यानंतर अकरा वर्षं लागली.